काटेवाल्यांचं घड्याळ

त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं. बाजारात कुणाचा वजनकाटा बिघडला की यांना बोलावणं जायचं आणि हे पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन हजर व्हायचे. धंदा बापाचा, पेटी बापाची, आणि स्वभावही बापाचाच, म्हणजे एक नंबरचा हट्टी. एखादी गोष्ट एकदा डोक्यात बसली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती निघायची नाही. बायकोने संसाराच्या पहिल्याच वर्षी हे ओळखलं होतं. तेव्हापासून ती भिंतीशी डोकं आपटून घ्यायच्या भानगडीत फारशी पडली नव्हती.

काटा तपासायचा म्हणजे त्यात जादू काही नाही. पेटीतलं खरं वजन काट्यावर ठेवायचं आणि काटा तेवढंच दाखवतो का, ते बघायचं. मग त्याहून मोठं वजन, मग त्याहून मोठं. सगळी जुळली की काटा खरा. पण गिऱ्हाईक असं ऐकतं थोडंच? बटाट्याचा व्यापारी तावातावाने यायचा. पोतं भरून घेतलं तेव्हा माल पुरता होता, दुकानात मोजला तर कमी भरतो, म्हणजे तुम्ही दुरुस्त केलेला काटा खोटा, असं चारचौघांत सुनावायचा. काटेवाले आवाज चढवायचे नाहीत. एकेक वजन ठेवून दाखवायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "काटा बरोबर आहे. माल कमी आहे."

हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घरी जेवताना त्यांची नक्कल करायचा. पानात भाजी कमी पडली की हात पुसून, मान ताठ करून तेच वाक्य. सगळे हसायचे, काटेवालेही हसायचे. मेहुणा त्यांच्याच हाताखाली धंद्यात आला होता आणि तिथेच मुरला होता. धिप्पाड गडी, जाड बोटांचा, तोंडाने फटकळ. तो नसता तर काटेवाल्यांचं दुकान म्हणजे निव्वळ तेलाचा वास आणि शांतता.

आता असा हा माणूस धावायला कसा लागला, तर भीतीने. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता. काटेवाल्यांनी स्वतः बावन्न ओलांडलं, त्या वर्षी एक दिवस पहाटे उठून ते जुने बूट घालून बाहेर पडले. कुणाला कारण सांगितलं नाही. बायकोला सांगायची गरजच नव्हती, तिने त्या वर्षभरात त्यांना झोपेत स्वतःच्या छातीवर हात ठेवताना पाहिलं होतं. ती म्हणाली, जा, पण सावकाश.

पहिले काही महिने फजितीचे गेले. मग पाय सुधारले, पोट आत गेलं, आणि मैदानावरच्या धावणाऱ्या मंडळींनी त्यांना आपल्यात ओढलं. गटात निवृत्त कवायत-मास्तर होते, बँकेत काम करणारी एक बाई होती, औषधांच्या दुकानाचा मालक होता. धावून झालं की मैदानाच्या कठड्यावर बसून चहा आणि भरपूर बाता. काटेवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की बापाच्या वाटेवरून आपण बाजूला झालोय.

घड्याळ पाठवलं ते लेकीने. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. बाप एकटा अंधारात धावतो याची तिला काळजी, म्हणून पहिल्या मोठ्या बोनसमधून तिने ते चांगलं महागातलं घेतलं. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकायचा, नाडी मोजायचा. अंतर सांगायचं, वेग सांगायचं, झोप किती झाली तेही सांगायचं. आणि या सगळ्याच्या वर, तुमची तंदुरुस्ती किती, तुमच्या शरीराचं वय किती आणि शर्यतीत तुम्ही किती वेळात पोचाल, हेही सांगायचं.

दुसरा कुणी असता तर घालून धावला असता. हे काटेवाले. त्यांनी घड्याळ आधी दुकानात नेलं. "तपासल्याशिवाय मनगटाला लावायचं नाही," म्हणाले. अंतरासाठी मैदानाच्या आखलेल्या धावपट्टीवर फेऱ्या मारून पाहिल्या, अंतर जुळलं. नाडीसाठी मेहुण्याला समोर बसवलं. मेहुण्याने आपली दोन जाड बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, आणि तो ओठ हलवत ठोके मोजत राहिला. बसून मोजले, जिना चढून आल्यावर मोजले, गल्लीत पळून आल्यावर मोजले. दर वेळी घड्याळाचा आकडा आणि मेहुण्याचा आकडा एकच.

"बरोबर आहे भाऊजी," मेहुणा म्हणाला. "शिक्का मारा आता."

काटेवाल्यांनी मनातल्या मनात खरोखरच शिक्का मारला. त्या दिवसापासून घड्याळ म्हणेल ती पूर्व दिशा. खरी चूक तिथे झाली, आणि ती अशी चूक होती की काटेवाल्यांखेरीज कुणी केलीच नसती. घड्याळ नाडी बरोबर मोजतं, हे त्यांनी पडताळलं होतं. त्या नाडीवरून ते जो अंदाज बांधतं, तो त्यांनी कुठे पडताळला होता? पण ज्या काट्याने सगळी वजनं बरोबर दाखवली, त्याच्या पुढच्या शब्दावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

पहिलं वर्ष झकास गेलं. तंदुरुस्तीचा आकडा चढत गेला, शरीराचं वय उतरत गेलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला घड्याळ चाळिशीचा म्हणायला लागलं, तेव्हा त्यांनी ते बायकोला दाखवलं, मेहुण्याला दाखवलं, किराणा दुकानदारालाही दाखवलं. बायको म्हणाली, मग आता माझ्यासाठी नवरा म्हणून कुणीतरी माझ्या वयाचा बघा. बरेच दिवस त्यांच्या घरात या विनोदावर हशा पिकत होता.

दुसऱ्या वर्षी काहीतरी बिघडलं, पण बिघडलं ते अशा तऱ्हेने की घड्याळाला ते सुधारलंसं वाटलं. काटेवाल्यांची नाडी हळूहळू कमी व्हायला लागली. बसल्या जागी साठ असायची, ती पन्नासच्या खाली आली. धावतानाही पूर्वीसारखी उसळेना. घड्याळाचं गणित सरळ होतं. माणूस पळतोय आणि नाडी फारशी वाढत नाही, म्हणजे हृदय दणकट झालंय. त्याने तंदुरुस्तीचा आकडा आणखी वर नेला. वय आणखी खाली आणलं. गट दर वर्षी धावायचा त्या अर्ध्या मॅरेथॉनची, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची, वेळ दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत आणली.

कठड्यावर चहा पिताना औषधवाल्याने एकदा आपली गंमत सांगितली होती. त्याला रक्तदाबासाठी नवी गोळी सुरू झाली, नाडी मंद करणारी. धावणं तर त्याने बंदच केलं होतं, नुसता चालत होता, आणि महिन्याभरात घड्याळाने त्याचं अभिनंदन केलं, की तुमची तंदुरुस्ती वाढली. "गोळी मी खातोय आणि शाबासकी घड्याळ देतंय," तो म्हणाला. सगळे खो खो हसले. बँकवाली म्हणाली की तिला तर तिचं घड्याळ शर्यतीची अशी वेळ सांगतं की तेवढ्या वेळात तिचा धाकटा भाऊसुद्धा पोचायचा नाही. उन्हात धावलं की एक सांगतं, थंडीत दुसरं. तो अंदाज आहे, अंदाजासारखा घ्यायचा आणि सोडून द्यायचा. काटेवालेही हसले. पण नंतर दुकानात ते मेहुण्याला म्हणाले की या लोकांनी आपली घड्याळं कधी तपासलीत का? आपलं तपासलेलं आहे.

त्या वर्षीच्या शर्यतीत घड्याळाने त्यांना पावणेदोन तास सांगितले होते. त्यांनी त्याच हिशेबाने सुरुवात केली. निम्म्या वाटेवर पाय शिशाचे झाले, छाती भरून आली, डोळ्यांपुढे बारीक ठिपके नाचायला लागले. मास्तर पुढे निघून गेले, बँकवाली निघून गेली, काठी टेकत चालणारे एक आजोबासुद्धा पुढे गेले. काटेवाले पोचले तेव्हा शेवटाची कमान उतरवायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या कुणाच्या मनात तरी पाल चुकचुकली असती. घड्याळ म्हणतं एक आणि अंग म्हणतं दुसरं, तर दोघांतलं एक खोटं. काटेवाल्यांनी विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि आयुष्यभर व्यापाऱ्यांना जो निकाल दिला होता तोच स्वतःला दिला. काटा बरोबर आहे. माल कमी आहे. म्हणजे मी कमी पडलो. ताकद आत आहे, घड्याळाला ती दिसतेय, मीच आळशी, मीच भित्रा, थोडा दम लागला की पाय मागे घेणारा.

आता याला काय म्हणावं? राग येतो. जो माणूस गिऱ्हाइकाच्या पैशाभर मालासाठी तासभर भांडायचा, त्याने स्वतःच्या जिवाची बाजू एकदाही घेतली नाही. त्याने सराव वाढवला. घड्याळाने मध्येच एकदोनदा थरथरून इशारा दिला, की तुमची नाडी फारच कमी आहे. त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, खेळाडूंची नाडी कमीच असते, अहो, हे चांगलं लक्षण आहे, तो इशारा बंद करून टाका, उगाच डोक्याला त्रास. मास्तरांनी वाईट हेतूने सांगितलं नाही. त्यांनी आपल्या कवायतीच्या तरण्या पोरांचं पाहिलं होतं, ते सांगितलं. काटेवाल्यांनी इशारा बंद केला, आणि खेळाडू हा शब्द मात्र छातीशी धरून घरी आणला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना फाटकातून आत येताना बघायची आणि मग दाराशी त्यांची बेल व्हायची वाट बघायची. मधला वेळ वाढत चालला होता. एक दिवस ती पाय न वाजवता दोन जिने उतरून खाली गेली, तर हे पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून उभे, डोळे मिटलेले, ओठ पांढरे.  तिला बघताच त्यांनी बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं.

त्या दिवशी मात्र ती भिंतीशी डोकं आपटून घ्यायला तयार झाली. तिने ताट वाढलं नाही. आधी डॉक्टर, मग जेवण, म्हणाली. वडिलांचं नाव काढलं, लेकीची शपथ घातली, रडली, भांडी आपटली. शेवटी काटेवाल्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळावर तंदुरुस्तीचा आकडा होता, त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, उत्तम.

"हे बघ," ते म्हणाले. "ज्या दिवशी हे सांगेल की मी घसरलो, त्या दिवशी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. शब्द देतो."

काटेवाल्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. बायकोने तो घेतला. दुसरं काय करणार होती? तेव्हापासून ती रोज सकाळी त्यांच्या मनगटाकडे बघायची. नवऱ्याचा आकडा पडू दे, असं मागणं मागणारी बायको तुम्ही कुठे बघितलीय का? ही मागत होती. आकडा पडत नव्हता. जिन्यातला वेळ वाढत होता, जेवण कमी झालं होतं, दुपारी दुकानात बसल्या बसल्या डोळा लागत होता, आणि आकडा एकेक पायरी वर चढत होता.

मेहुण्याच्याही ध्यानात आलं होतं. बहिणीने त्याला वेगळं गाठून सांगितलं होतंच. दुकानात एकदा काटेवाले स्टुलावरून उठले आणि परत बसले, तेव्हा त्याने न विचारता त्यांचं मनगट पकडलं आणि बोटं ठेवून ठोके मोजले. चाळीसला दोन कमी. घड्याळातही तेवढेच होते. काटेवाल्यांना समाधान वाटलं, म्हणाले, बघ, अजून बरोबर दाखवतंय. मेहुणा हसला नाही. सहसा असा मोका तो सोडायचा नाही.

"भाऊजी, रद्दीवाल्याचं आठवतंय ना?" तो म्हणाला. "गठ्ठ्यांवर पाणी मारून आणायचा. तेव्हा तुम्हीच त्या कागद-कारखानदाराला सांगितलंत, काटा वजन सांगतो, पाणी सांगत नाही. गठ्ठा फोडून बघा म्हणालात. मग आता स्वतःचा गठ्ठा का फोडून बघत नाही?"

 हे बोलणं काटेवाल्यांना लागलं, कारण ते त्यांचंच होतं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत आणि बायकोला वाटलं की आता बर्फ वितळतोय. खरंच वितळत होता. तिसऱ्या दिवशी ते तिला म्हणाले की पुढची शर्यत येत्या रविवारी आहे, ती झाली की सोमवारी जाऊ. आकडा काहीही असो. बायकोने सोमवारची वेळ घेऊन ठेवली. लेकीला फोन करून सांगितलं. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

शनिवारी त्याच कारखानदाराच्या रद्दीच्या वखारीत ट्रक मोजायचा मोठा काटा तपासायचा होता. काम जुनं, ठरलेलं. मोठ्या काट्याला पितळी वजनं पुरत नाहीत, बिडाची जड वजनं लागतात, दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी उचलायची. आणि या कामातला काटेवाल्यांचा नियम असा, की वजन आपटायचं नाही. आपटलं की कडा झिजते, झिजली की ते खरं राहत नाही, आणि तेच खरं राहिलं नाही तर काटा तपासायचा कशाने? म्हणून वजन खाली ठेवताना दोघांनी बोटं तळाशी घालून ते अलगद टेकवायचं आणि शेवटच्या क्षणी बोटं काढून घ्यायची. एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून "हां" म्हणायचं, मग दोघांनी एकदम सोडायचं. मेहुण्याला हे त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी त्याने एक वजन आपटलं तेव्हा त्याला आठवडाभर नुसतं झाडू मारायला लावलं होतं.

निम्मी वजनं ठेवून झाली होती. ऊन चढलं होतं. वखारीतली माणसं लांब सावलीत बसून होती. पुढचं वजन दोघांनी उचललं, काट्याच्या लोखंडी पत्र्यावर आणलं, वाकले. मेहुण्याने वर बघितलं. काटेवाल्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. त्याने हाक मारली. मग काटेवाल्यांच्या बाजूने वजन निसटलं, तिरपं झालं आणि सगळा भार मेहुण्याच्या उजव्या हातावर आला.

वखारीतली माणसं सांगतात की मेहुणा ओरडला तो आधी स्वतःसाठी ओरडलाच नाही. "भाऊजींना धरा," असं ओरडला. काटेवाले पत्र्यावर आडवे पडले होते आणि त्यांचं डोकं लोखंडी कडेपासून जेमतेम वीतभर अंतरावर होतं. नंतर कुणीतरी पहार घालून वजन उचललं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काटेवाले शुद्धीवर आले ते हॉस्पिटलात. छातीला तारा, बाजूला पडद्यावर रेघ. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नव्हता, म्हणाला. खालचा कप्पा मग आपल्या मनाने, सावकाश, जमेल तसा चालत होता. मधूनमधून थांबत होता. हे महिनोन्‌महिने वाढत गेलेलं आहे. कुणाला दाखवलं का नाहीत? काटेवाल्यांनी घड्याळाचं सांगितलं. तपासलेलं होतं, हेही सांगितलं.

डॉक्टर हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "घड्याळ खोटं बोललं नाही हो. नाडी कमी होती, त्याने कमी दाखवली. ती कमी का आहे, ते त्याला कळत नाही. दणकट हृदय आणि दमलेलं हृदय, त्याला दोन्ही सारखीच."

काटेवाल्यांनी मेहुण्याची चौकशी केली. कुणी नीट सांगेना. बायको उठून खिडकीशी गेली. लेक रात्रभर प्रवास करून आली होती, ती म्हणाली, मामा दुसऱ्या मजल्यावर आहे, बरा आहे.  त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने स्वतःच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं दुसऱ्या हाताच्या मुठीत झाकून दाखवली. काटेवाले म्हातारे झाले ते त्या मिनिटाला. घड्याळ म्हणो काहीही.

त्यांच्या खांद्याखाली कातडीच्या आत एक छोटं यंत्र बसवलं. ते नाडीला साठच्या खाली जाऊ देत नाही. ओठांवर रंग आला, डोळ्यांपुढचे ठिपके गेले, जिना ते न थांबता चढायला लागले. लेक परत जाण्याआधी एकदा त्यांच्यापाशी बसून खूप रडली. माझ्यामुळे झालं बाबा, मी ते घड्याळ पाठवलंच नसतं तर, म्हणाली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्यामुळे कसं होईल, असं त्यांनी तिला दहा वेळा सांगितलं. मग कुणामुळे, हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या मनात एकच माणूस होता.

महिन्याभराने डॉक्टरने चालायला परवानगी दिली. बायकोनेच घड्याळ कपाटातून काढून दिलं, निदान किती चाललात ते तरी कळेल म्हणून. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात ते मैदानाला फेरी मारून आले, दारात बूट काढत असताना मनगट थरथरलं. यंत्राने नाडी वर नेली होती, म्हणून आकडा खाली आला होता. शरीराचं वय एकदम बारा वर्षांनी वाढलं होतं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, तुमची तंदुरुस्ती घसरते आहे.

बायको शेजारीच उभी होती. तिने वाचलं. इतके महिने ती रोज सकाळी याच ओळीची वाट बघत होती. तिला हसू येईना, रडू येईना. ती आत गेली आणि त्यांनी बाहेरूनच ऐकलं, तिने नळ सोडला आणि बराच वेळ तो तसाच वाहू दिला. त्यांनी घड्याळ उतरवलं. ते पुन्हा कुणी मनगटावर बघितलं नाही.

मेहुण्याला ते अजून धड भेटले नव्हते. म्हणजे समोरासमोर आले होते, घरी, बहिणीच्या देखत, पण काटेवाल्यांची मान वर व्हायची नाही. माफी कशी मागायची याची त्यांनी मनात शंभरदा तयारी केली होती.  दुकान त्यांनी पुन्हा उघडलं, पण मोठी कामं घेतली नाहीत. बिडाची वजनं कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवली.

एका सकाळी मेहुणा दुकानात आला. काहीच न झाल्यासारखा आला, बूट दारात झटकले, आपल्या स्टुलावर बसला. धूळ किती साचलीय, म्हणाला. काटेवाले समोर एका दुकानदाराचा काटा उघडून बसले होते. हातातला स्क्रू-ड्रायव्हर ते त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

 मेहुण्याने हात पुढे केला, पूर्वीसारखा, आणि त्यांचं मनगट पकडलं. उजवाच हात पुढे आला होता, सवयीने. जिथे बोटं ठेवायची तिथे दोन आखूड, गुलाबी टोकं टेकली. नवी कातडी, तिला अजून काही कळत नव्हतं. तो क्षणभर शोधत राहिला. मग त्याने हात बदलला, डाव्या हाताची बोटं ठेवली, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे केले आणि ओठ हलवत मोजायला लागला. काटेवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला एक हात मेहुण्याच्या हातात अडकलेला होता आणि दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यांनी ते तसंच येऊ दिलं.

"साठ," मेहुणा म्हणाला. "बरोबर आहे."

"माझ्यामुळे गेली रे तुझी बोटं," काटेवाले म्हणाले. एवढंच निघालं.

 मेहुणा नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. त्याने मनगट सोडलं, आपली डावी बाही त्यांच्या पुढे धरली. बाहीचं बटण उघडं होतं.

"हे तेवढं लावून द्या," तो म्हणाला. "सकाळपासून लोंबतंय."

काटेवाल्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि बटण लावायला घेतलं. बटण बारीक होतं, त्यामुळे वेळ लागला. मेहुणा बाही तशीच धरून बसून राहिला.